निवळी ओतून देऊ नका

छत्रपती संभाजीनगरच्या भोवती, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आणि आसपास, बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत. युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग ही नावं इथल्या कामगारांच्या रोजच्या बोलण्यातली. पण बिअर नेमकी कशी होते हे गुलमंडीच्या बाजारात चार जणांना विचारून पाहा. 'काहीतरी आंबवतात' याच्या पलीकडे उत्तर सहसा जात नाही. गंमत अशी की ज्या किराणा दुकानापुढे उभं राहून हा प्रश्न विचारायचा, त्याच दुकानातल्या पोत्यांत उत्तराचा मोठा भाग पडलेला असतो. नाचणी, ज्वारी, गहू, जव.

बिअर ही धान्याची असते, आणि आंबवणं हे तिचं शेवटचं काम. ते यीस्ट करतं, आणि ते बहुतांशी आपल्या मदतीशिवायच करतं. माणसाचं कसब लागतं ते त्याआधी. यीस्टला साखर लागते आणि धान्यात साखर जवळजवळ नसते, असतो तो स्टार्च. द्राक्षात, उसात, मोहात साखर तयार असते, म्हणून त्यांचा रस नुसता ठेवला तरी आंबतो. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून ठेवलं तर आंबट आंबील होते, दारू होत नाही. स्टार्चच्या लांबलचक साखळ्या तोडून त्यांची साखर करणं हाच बिअरचा गाभा. जगभरचे घरगुती बिअर करणारे ज्याला ऑल-ग्रेन म्हणतात, म्हणजे कारखान्यातला तयार अर्क विकत न आणता थेट अख्ख्या धान्यापासून सुरुवात करणं, ते शिकायचं म्हणजे मुख्यतः हीच एक गोष्ट शिकायची.

पुढे जाण्याआधी कायद्याचं स्पष्ट बोलायला हवं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मद्य हा राज्यांचा विषय आहे, आणि आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. आधी तो मुंबई दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जाई, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. या कायद्यानुसार परवान्याशिवाय कोणतंही मद्य बनवणं गुन्हा आहे. विकायची नाही, घरात बसून स्वतःच प्यायची आहे, ही सबब चालत नाही. पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून राज्यात लहान ब्रुअऱ्यांची लाट आली, पण त्या सगळ्या परवाना घेऊन चालतात. घराच्या गच्चीवर पिंप ठेवून बिअर करायची सोय महाराष्ट्रात नाही. म्हणून या लेखात मी दोन टप्पे वेगळे ठेवले आहेत. धान्याला मोड आणून त्यातून गोड रस काढण्यापर्यंतचा टप्पा इथे, आपल्या स्वयंपाकघरात, निर्धास्तपणे करता येतो. तो नाचणीसत्त्वाचाच पुढचा भाग आहे. आंबवण्याचा टप्पा जिथे कायदा परवानगी देतो तिथे राहणाऱ्यांसाठी, म्हणजे न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी वाचकांसाठी.

या कायद्याकडे कटकट म्हणून पाहणं मला पटत नाही. दारूने मोडलेली घरं मराठवाड्याने पुष्कळ पाहिली आहेत, आणि गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली ती उगाच नव्हे. जून 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ती दारू मिथेनॉलची होती, धान्य आंबवताना तयार होणारी नव्हती, हा फरक शास्त्राच्या दृष्टीने मोठा आहे. मोड आलेलं धान्य आंबवून माणूस मिथेनॉलने मरत नाही. पण बाटलीत काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही, आणि कायदा त्या न कळण्यावर उभा आहे.

आता धान्याकडे.

बीमध्ये स्टार्च असतो तो कोंबाच्या पहिल्या काही दिवसांच्या शिदोरीसाठी. बी कोरडं असताना ही शिदोरी कुलूपबंद असते. पाणी मिळालं की अंकुर जागा होतो आणि जिबरेलिन नावाचं संप्रेरक पाठवून दाण्याच्या सालीखालच्या थराला निरोप देतो. त्या थरातल्या पेशी विकरं, म्हणजे एन्झाइमं, तयार करू लागतात. ही विकरं स्टार्च फोडून साखर करतात आणि कोंब ती साखर खाऊन वाढतो. मॉल्ट करणारा माणूस या कामात बरोबर मधे हात घालतो. विकरं तयार झाली आहेत, पण कोंबाने शिदोरी अजून फारशी संपवलेली नाही, अशा वेळी तो धान्य वाळवून वाढ थांबवतो. वाळलेल्या दाण्यात आता स्टार्चही आहे आणि तो फोडणारी हत्यारंही आहेत. यालाच मॉल्ट म्हणायचं. स्टार्च फोडणारं द्रव्य मॉल्टमधून पहिल्यांदा वेगळं काढलं ते पायाँ आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी, 1833 मध्ये. त्यांनी त्याला डायस्टेज नाव दिलं. माणसाने वेगळं काढलेलं हे पहिलं एन्झाइम.

कारखान्यांत जव वापरतात, कारण जवात ही विकरं भरपूर होतात आणि त्याचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं. रस गाळताना ही टरफलंच चाळणीचं काम करतात. भारतात जव मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा या बाजूला पिकतो. मॉल्टसाठी कर्नालच्या संशोधन संस्थेने डीडब्ल्यूआरयूबी 52 सारखे दोन ओळींच्या कणसाचे वाण दिले आहेत. पण जवाला मोड आणायला 15 ते 20 अंशांचा गारवा चार-पाच दिवस लागतो. आपल्याकडे तो पौष-माघातल्या थोड्या दिवसांपुरता मिळतो. नाचणीचं तसं नाही. तिला 25 ते 30 अंश मानवतात, आणि आपल्या भरडधान्यांत मोड आल्यावर सर्वांत जास्त विकरं तिच्यातच तयार होतात. घरी शिकायचं तर नाचणीपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

ज्वारीबद्दल मात्र सावध करायला हवं. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यावर जनावर सोडू नये हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. ज्वारीला मोड आणले की दाण्याच्या कोंबात आणि मुळातही ते येतं. मोडाची ज्वारी कच्ची कधीच खाऊ नये. मॉल्ट करायचंच असेल तर वाळवल्यावर कोंब आणि मुळं चोळून, पाखडून पूर्ण काढावी लागतात आणि पुढे ते चांगलं शिजवावं लागतं. आफ्रिकेत पिढ्यानपिढ्या हे करतात, पण पहिल्यांदाच करणाऱ्याने ज्वारीच्या वाटेला जाऊ नये.

नाचणीचं काम असं. पाव किलो नाचणी निवडून, तीन-चार पाण्यांत धुवून घ्यावी. तरंगणारे पोचट दाणे ओतून द्यावेत. रात्रभर, फार तर दिवसभर भिजत घालावी आणि मधे दोनदा पाणी बदलावं, कारण भिजलेला दाणा श्वास घेतो आणि शिळ्या पाण्यात त्याचा जीव गुदमरतो. मग ओल्या सुती फडक्यात सैल बांधून चाळणीत ठेवावी. दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडून हाताने हलवावी, नाहीतर मुळं एकमेकांत गुंतून त्यांची गादी होते आणि आत वाफ धरते. दोन ते तीन दिवसांत दाण्याहून लांब पांढरी मुळं दिसतात. वास कोवळ्या काकडीसारखा ताजा असला पाहिजे. आंबूस वास आला किंवा हिरवी-काळी बुरशी दिसली तर सगळं टाकून द्यावं, त्यात काटकसर करू नये. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हा उद्योग बहुधा फसतो, दिवाळीनंतर सुरू करावा.

मोड आले की पातळ पसरून वाळवायची. इथे घरच्या सत्त्वाची रीत आणि मॉल्टची रीत वेगळी होते. नाचणीसत्त्व खमंग लागावं म्हणून आपण मोडाची नाचणी भाजतो. भाजली की विकरं मरतात. पचायला आणि चवीला ते सत्त्व उत्तमच, पण स्टार्च फोडण्याचं काम त्याच्याने होत नाही. मॉल्टसाठी नाचणी भाजायची नाही, नुसती खडखडीत वाळवायची आणि 50 अंशांच्या वर तापू द्यायची नाही. कोरडी विकरं बऱ्यापैकी टिकाव धरतात, ओली असताना मात्र उष्णतेने लगेच मरतात. म्हणून पहिल्या दिवशी सावलीत पंख्याखाली आणि मग उन्हात. वाळल्यावर दोन्ही हातांनी चोळायची, मुळं गळून पडतात, ती सुपाने पाखडून टाकायची. मग गिरणीत किंवा मिक्सरवर भरड काढायची.

ही विकरं जिवंत आहेत का, हे पाहण्याचा एक सुंदर प्रयोग आहे. साध्या नाचणीची किंवा तांदळाच्या पिठाची दाट पेज करा, इतकी दाट की पळी उपडी केली तरी पडू नये. ती निवून बोटाला चांगली गरम पण न भाजणारी झाली की त्यात चमचाभर मॉल्टचं पीठ घालून ढवळत राहा. पाच-दहा मिनिटांत पेज सैल पडू लागते आणि पाहता पाहता ताकासारखी पळीवरून ओघळते. पाणी एक थेंब वाढवलेलं नसतं. पेजेला दाट धरून ठेवणाऱ्या स्टार्चच्या साखळ्या तुटलेल्या असतात. पेज चाखून पाहिली तर आधी नसलेली हलकी गोडी लागते. हाच गुण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी 1980 च्या दशकात लहान मुलांच्या आहारासाठी वापरला. तान्ह्या बाळाला दाट पेज गिळता येत नाही, पातळ पेजेत पोषण कमी पडतं. मॉल्टचं थोडं पीठ घातलं की तितकंच धान्य असलेली पेज बाळाला गिळण्याइतकी पातळ होते. बिअरचं पहिलं पातेलं आणि बाळाची वाटी यांच्यामागचं रसायनशास्त्र एकच आहे, आणि या विषयातली मला सर्वांत भावलेली गोष्ट हीच.

यानंतरची पायरी म्हणजे मॅश. मॉल्टची भरड कोमट-गरम पाण्यात मुरत ठेवून सगळा स्टार्च साखरेत उतरवायचा. इथे तापमान हे सर्वस्व आहे. विकरं दोन प्रकारची. बीटा-अमायलेज साखळीच्या टोकाकडून दोन-दोन कड्या तोडत माल्टोज नावाची साखर काढतं. त्याला 60 ते 65 अंश मानवतात आणि 70 च्या आसपास ते झपाट्याने मरतं. अल्फा-अमायलेज साखळी मधेच कुठेही तोडतं आणि 70-72 अंशांनाही तग धरतं. जवाच्या मॉल्टचं मॅश 64-65 अंशांना ठेवलं तर साखर जास्त सुटते आणि बिअर हलकी, कोरडी होते. 68-69 ला ठेवलं तर न आंबणारे मोठे तुकडे उरतात आणि बिअर भरीव लागते. चार अंशांच्या फरकात पेयाचा स्वभाव बदलतो. म्हणून बोटाने अंदाज घेण्याऐवजी पहिली खरेदी थर्मामीटरची करावी.

पाणी किती तापवायचं याचं गणित सोपं आहे. किलोला तीन लिटर पाणी धरलं, तर धान्य आणि हवं असलेलं तापमान यांतल्या फरकाचा साधारण सातवा भाग हव्या तापमानात मिळवायचा. मॅश 66 अंशांना हवं आहे आणि धान्य 20 अंशांना आहे, तर फरक 46, सातवा भाग साडेसहा, म्हणजे पाणी 72-73 अंशांचं. हेच धान्य मे महिन्यात जुन्या शहरातल्या पत्र्याच्या खोलीत 38 अंशांना तापलेलं असेल तर 70 अंशांचं पाणी पुरतं. भांडं थंड असेल तर एक अंश वर धरावा. मग झाकण घालून, जुन्या गोधडीत गुंडाळून तासभर ठेवायचं.

जवाच्या बाबतीत एवढ्यावर काम भागतं, कारण जवाचा स्टार्च 60-65 अंशांनाच फुलून मऊ होतो आणि त्याच तापमानाला विकरंही कामाला लागलेली असतात. नाचणी-ज्वारीची अडचण अशी की त्यांचा स्टार्च पुरता फुलायला याहून जास्त उष्णता लागते, आणि तितक्या उष्णतेला बरीचशी विकरं मरतात. शिजवलं तर हत्यार बोथट, न शिजवलं तर स्टार्च कुलपात. यावर आफ्रिकेतल्या ज्वारीची बिअर करणाऱ्या बायकांनी जी तोड काढली, ती मराठवाड्यातल्या कुणाही गृहिणीला एका वाक्यात समजेल. कुरडयांचा चीक काढताना भिजवून वाटलेला गहू पाण्यात ठेवतो, चीक तळाशी बसतो आणि वरची निवळी आपण ओतून देतो. मॉल्टचंही तसंच करायचं, फक्त निवळी ओतून द्यायची नाही. विकरं पाण्यात विरघळतात आणि निवळीत उतरतात. स्टार्च विरघळत नाही, तो तळाशी बसतो. निवळी बाजूला काढली की विकरं सुरक्षित राहिली. आता तळाचा साका हवा तेवढा रटरटू द्या.

पाव किलो नाचणी मॉल्टचं प्रमाण असं. भरड पाऊण लिटर कोमट पाण्यात, 40-45 अंशांच्या, कालवावी. अर्धा तास मधून मधून ढवळावं, मग तासभर न हलवता ठेवावं. वरची पावशेर-दीडपाव निवळी पळीने हलकेच काढून झाकून ठेवावी. खालच्या साक्यात पाव लिटर पाणी घालून, सतत हलवत, वीस मिनिटं चांगला शिजवावा, बुडाला लागू देऊ नये. मग तो 73-74 अंशांपर्यंत निवू द्यावा आणि निवळी त्यात परत ओतावी. सगळं मिळून 65 च्या आसपास येतं. घट्ट गोळा झालेला साका ढवळता ढवळता पातळ होत जातो. झाकून, गुंडाळून तास-दीड तास.

काम पुरं झालं का हे पाहायला औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडिन लागतं. पांढऱ्या बशीत रसाचा एक थेंब, त्यावर आयोडिनचा एक थेंब. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी वेळ द्यावा. आयोडिनचा रंग पिवळट-तपकिरी राहिला तर स्टार्च संपला. बशीतला थेंब पातेल्यात परत टाकायचा नाही. रस मग मलमलीच्या फडक्यातून गाळावा. नाचणीला जवासारखं टरफल नसल्यामुळे तो सावकाश गळतो, फडकं पिळलं तर गढूळ होतो. घाई नसेल तर रात्रभर फ्रीजमध्ये टांगून ठेवावं. गाळलेला रस दहा मिनिटं उकळून घेतला की झाला. तांबूस, मधुर, भाजलेल्या धान्याचा नव्हे तर ताज्या कणसाचा वास असलेला. वेलदोडा घालून गरम प्यावा, दुधात घालावा, फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. जास्त ठेवला तर आंबू लागेल, म्हणून ठेवू नये. फडक्यातला चोथा थालीपिठाच्या भाजणीत मूठभर मिसळला तर थालीपीठ खुसखुशीत होतं. कारखान्यांत हाच चोथा टनांनी निघतो आणि दुभत्या जनावरांच्या दावणीत जातो.

पाण्याबद्दल दोन गोष्टी बोलायलाच हव्यात. एक रसायनाची. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या बायकार्बोनेटांमुळे मॅशची आम्लता कमी होते, आणि विकरांना पीएच 5.2 ते 5.6 लागतो. पाणी उकळून, निवू देऊन, तळाला बसलेला पांढरा थर मागे ठेवला तर बराचसा जडपणा जातो. पीएच ही मोजपट्टीच मुळी 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी मांडली. त्याआधी 1883 मध्ये तिथेच हान्सन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट मिळवलं होतं. वाळूजच्या रस्त्याला कार्ल्सबर्गचं नाव वाचताना मला दर वेळी ती प्रयोगशाळा आठवते.

दुसरी गोष्ट टंचाईची. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी बांधून या शहराला खापरी नळांतून पाणी दिलं. आज आपण पैठणच्या जायकवाडीवर अवलंबून आहोत आणि जुन्या शहरातल्या घरांना नळाची वाट कित्येक दिवस पाहावी लागते. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यउद्योगाचं पाणी आधी 50 टक्क्यांनी आणि 10 मेपासून 60 टक्क्यांनी तोडण्याचा आदेश दिला. मला तो आदेश तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. घरगुती पातळीवरही वीस लिटर बिअरला धान्य पिऊन टाकतं ते, उकळून उडतं ते आणि भांडी धुण्याचं धरून पाण्याचा हिशेब दुपटीच्या वर सहज जातो. नाचणीचा लिटरभर रस काढायला मात्र दोन तांबे पुरतात.

धान्याचा प्रश्नही त्याला जोडून आहे. 2007 मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं ठरवलं, त्याला डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी कडाडून विरोध केला. गरिबाच्या भाकरीची ज्वारी दारूत का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो टाळता येणारा नाही. नायजेरियाचा अनुभव वेगळ्या दिशेचा आहे. तिथे 1988 मध्ये सरकारने जवाच्या मॉल्टची आयात बंद केली, आणि ब्रुअऱ्यांना देशातल्या ज्वारी-मक्याकडे वळावं लागलं. बंदी पुढे उठली तरी ज्वारी टिकली. मालदांडी आणि परभणी मोती ज्वारी पिकवणाऱ्या मराठवाड्याने बाटलीकडे जावं असं मी म्हणत नाही. पण मोडाच्या ज्वारी-नाचणीचा बिनदारूचा रस, बाळाचं सत्त्व, शेवया-बिस्किटांतलं मॉल्ट यांची बाजारपेठ आपण अजून नीट धुंडाळलेली नाही.

आता परदेशातल्यांसाठी पुढचा टप्पा. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट 1963 मध्ये गेली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 1978 मध्ये सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाच्या घराला वर्षाला 100 गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलन बिअर करायची मुभा मिळाली. ही मुभा देणारी शेवटची दोन राज्यं, मिसिसिपी आणि अलाबामा, 2013 मध्ये आली. विकण्याला मुभा नाही, आणि ऊर्ध्वपातन करून कडक दारू काढण्याला तर मुळीच नाही.

वीस लिटरसाठी साडेचार किलो जवाचं फिकं मॉल्ट आणि पाव ते अर्धा किलो नाचणीचं मॉल्ट घ्यावं. पहिल्या खेपेला नाचणी दहा टक्क्यांच्या वर नेऊ नये. जवाची विकरं तिचाही स्टार्च फोडतात आणि जवाची टरफलं गाळायला मदत करतात. नाचणीची भरड आधी वेगळी शिजवून मॅशमध्ये मिसळली तर आणखी बरं, फक्त तिची उष्णता पाण्याच्या गणितात धरायला विसरू नये. मोठ्या पातेल्यात जाळीदार कापडी पिशवी लावून त्यातच मॅश करण्याची पद्धत नवख्याला सोयीची, तासाभराने पिशवी उचलली की गाळण्याचं काम झालं. पिशवीवरून धुवायला ओतायचं पाणी 76 अंशांहून गरम नको, नाहीतर टरफलांतला तुरटपणा उतरतो.

गोड रस, त्याला वर्ट म्हणतात, तासभर खळखळून उकळायचा आणि झाकण घालायचं नाही. फिक्या मॉल्टमधून उकळताना कोबीच्या वासाचं गंधकयुक्त द्रव्य सुटतं, ते वाफेबरोबर जाऊ द्यायचं असतं. उकळीच्या सुरुवातीला 25-30 ग्रॅम हॉप्स (एका वेलीची वाळलेली फुलं) कडूपणासाठी, शेवटच्या पाच-दहा मिनिटांत तितकेच सुगंधासाठी. उकळी थांबली की खरी काळजी सुरू होते. कोमट वर्ट कुठल्याही जंतूला आवडतो, म्हणून तांब्याच्या नळीतून थंड पाणी फिरवून तो लवकरात लवकर 20 अंशांपर्यंत आणायचा, आणि यापुढे त्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. मग एल प्रकारच्या बिअरसाठीच्या यीस्टचं 11 ग्रॅमचं पाकीट, हवाबंद पिंप आणि हवा फक्त बाहेर जाऊ देणारी झडप. दोन आठवडे 18 ते 20 अंशांना.

हायड्रोमीटर दोनदा लागतो. सुरुवातीला वर्टची घनता 1.050 आणि शेवटी 1.012 आली, तर फरक 0.038 ला 131 ने गुणायचं, उत्तर सुमारे 5 टक्के अल्कोहोल. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही की आंबवणं संपलं. त्याआधी बाटल्या भरल्या तर आतला वायू वाढून बाटली फुटू शकते, काच उडून माणसं जखमी होतात. भरताना लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास साखर घालायची, खास बिअरच्याच जाड काचेच्या बाटल्या वापरायच्या, आणि दोन आठवडे खोलीच्या तापमानाला, अंधारात ठेवायच्या. बाटलीच्या तळाला यीस्टचा पातळ थर बसतो. ओतताना बाटली एकाच झुकावात धरावी आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवावा.